वडील संघटनेचे, प्रबंध माझा

आलेलं पत्र थोडं काटछाट करून देते :

"ताई, कामगार कायद्यात पीएच.डी.ला नाव नोंदवून आठ महिने झाले. मंजूर झालेला विषय : 'अ‍ॅपवर चालणाऱ्या कामातील कामगारांचे हक्क : एक चिकित्सक अभ्यास'. साडेतीनशे पानं टिपणं काढलीत आणि पहिलं प्रकरण अजून कोरं आहे. मार्गदर्शक सर भले आहेत, पण पहिल्याच भेटीत म्हणाले, 'तुझे वडील संघटनेचे पुढारी. ते सगळं घरी ठेवून ये, इथे तटस्थ राहायचं.' तेव्हापासून एक वाक्य लिहिलं की वाटतं, हे मी बोलतेय की बाबा? बरोबरचे सगळे कंपनी कायदा, लवाद, स्पर्धा कायदा अशा वाटांनी गेले. ते म्हणतात, कायमची नोकरीच उरली नाही, मग तिचा कायदा शिकून करायचं काय? बाबांशी बोलायची सोय नाही. त्यांना वाटतं, मी त्यांचीच लढाई पुढे नेतेय. मध्यंतरी सामान घरपोच करणाऱ्या काही जणांशी बोलले. त्यांच्या करारात एक कलम आहे, की स्वतः येता आलं नाही तर आपल्या जागी दुसऱ्याला पाठवता येईल. त्यातल्या एकानेही कधी कुणाला पाठवलेलं नव्हतं. दोघांना तर असं कलम आहे हेच माहीत नव्हतं. असो. विषय बदलू का?"

– एक अस्वस्थ संशोधक

प्रिय अस्वस्थ,

ताई म्हटलंस, तेव्हा अगं-तुगं करायची मुभा घेते.

विषय बदलू नकोस. शीर्षक मात्र बदल, आणि आजच बदल. 'हक्क : एक चिकित्सक अभ्यास' ही गोधडी आहे. कुणीही अंगावर ओढावी आणि खाली निवांत झोपावं. (मीही तिच्याखाली दीड वर्ष काढलंय. ऊब छान असते.) तुझी कोंडी बाबांमुळे झालेली नाही. तुझ्याकडे साडेतीनशे पानं भरून उत्तरं आहेत आणि प्रश्न एकही नाही, म्हणून झाली आहे. खरं तर प्रश्न तुझ्याच पत्रात आहे. तू त्याच्यापुढे 'असो' लिहून पुढे गेलीस. त्याकडे येतेच. आधी तटस्थपणाचं भूत उतरवू, कारण ते मानगुटीवर असेपर्यंत तू काही विचारायलाच धजणार नाहीस.

तुझा हा विषय मुळात उभा कुणी केला ते बघ. जर्मनीत १९०० साली नवी दिवाणी संहिता लागू झाली. तिच्या लेखी करार म्हणजे दोन पक्षांनी आपापसात बांधलेली गाठ. बाहेर मात्र वेगळंच चाललं होतं. संघटना आणि मालक समोरासमोर बसून एका फटक्यात हजारो माणसांचे पगार नि कामाचे तास ठरवत होते. या कागदाला कायद्याच्या कपाटात कप्पाच नव्हता. फ्रँकफर्टचा एक वकील, ह्यूगो सिन्झहायमर, याने १९०७ मध्ये नेमका हाच कागद उचलला आणि विचारलं, कायद्याच्या भाषेत हे आहे तरी काय? करार म्हणावा तर सही करणारे निराळे आणि ज्यांना तो लागू होतो ते निराळे. कायदा म्हणावा तर तो कुठल्याच विधिमंडळाने केलेला नाही. पुढची दहा वर्षं तो याच प्रश्नाला चिकटून राहिला आणि सामूहिक करारातून निघालेले नियम एकेकट्या कामगाराच्या कराराहून वरचे असले पाहिजेत, अशी मांडणी त्याने उभी केली. डिसेंबर १९१८ मध्ये जर्मनीत तसा अध्यादेश निघाला.

हा सिन्झहायमर कामगार संघटनांचा वकील होता. तुझ्या सरांच्या चाळणीतून पहिल्याच फेरीत बाद झाला असता.

त्याचा विद्यार्थी ऑटो कान-फ्रॉइंड. हा बर्लिनच्या कामगार न्यायालयात न्यायाधीश होता. १९३१ मध्ये त्याने आपल्याच व्यवस्थेतल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाचे निकाल ओळीने वाचले आणि दाखवून दिलं, की कायद्याचा अर्थ लावतोय असं म्हणत हे न्यायालय एक सामाजिक आदर्श मागच्या दाराने आत आणतंय, आणि तो आदर्श फॅसिस्ट विचाराच्या शेजारी जाऊन बसतो. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून वरच्या न्यायालयाबद्दल असं लिहायला काय लागत असेल, याचा विचार कर. दोन वर्षांनी नाझी सत्तेवर आले. कम्युनिस्ट ठरवून नभोवाणीतून काढलेल्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने त्याने निकाल दिला आणि खुर्ची गेली. लंडनला पोचला, परक्या भाषेत परका कायदा नव्याने शिकला, आणि ब्रिटनमध्ये कामगार कायदा ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून उभी राहिली त्यात त्याच्याइतका वाटा क्वचितच कुणाचा असेल.

या दोघांनाही बाजू होती आणि ती त्यांनी लपवली नाही. तरी त्यांचं लिखाण पत्रक वाटत नाही. कारण त्यांच्याशी हाडवैर असलेल्या माणसालाही तोच कागद, तेच निकाल उघडून त्यांचं म्हणणं पडताळता येत होतं. तुझ्या सरांना बहुधा एवढंच म्हणायचं असावं. शब्द चुकीचा निवडला. कुठला प्रश्न तुला झोपू देत नाही हे तुझ्या घराने ठरवलं तरी बिघडत नाही. उत्तर काय निघणार, ते घराला आधी ठाऊक असता कामा नये, इतकंच.

यावर मी माझ्या विद्यार्थ्यांना एक कसोटी सांगते : तुझ्या प्रबंधात बाबांना वाचायला आवडणार नाही असं एखादं पान निघतंय का? निघत नसेल तर तू शोधलं नाहीस. या क्षेत्रात अशा पानांची वाण नाही. अमेरिकेत रेल्वेच्या इंजिनांवर कोळसा ओढणाऱ्या फायरमनच्या संघटनेने कृष्णवर्णीयांना सभासद तर केलं नाहीच, वर कंपनीशी असा करार केला की ते हळूहळू त्या कामावरूनच हद्दपार व्हावेत. स्टील नावाच्या फायरमनने दावा लावला आणि १९४४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सगळ्यांच्या वतीने बोलायचा अधिकार कायद्याने मिळाला असेल तर सगळ्यांशी न्यायाने वागायचं कर्तव्यही त्याच्यासोबत येतं. दुसरी गोष्ट १९५९ सालची, कॅलिफोर्नियातली. विधिमंडळाच्या समितीपुढे खोटी साक्ष द्यायला नकार दिला म्हणून एका माणसाला नोकरीवरून काढलं. मर्जीची नोकरी (म्हणजे मालकाला केव्हाही मोडता येईल अशी) असली तरी गुन्हा करायला नकार दिला म्हणून काढता येणार नाही, हे ज्या निकालांनी पक्कं केलं त्यातला हा अगदी सुरुवातीचा. काढणारा मालक कोण? एक कामगार संघटना. हा माणूस तिच्या पगारावर होता. बाबांना कधी चहाच्या वेळी सांगून बघ. चेहरा बघण्यासारखा होईल, पण मला वाटतं ते ऐकून घेतील. संघटनेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे अगदीच नवं नसतं.

आणि सरांनी सुचवलेली तटस्थ भाषा, ती तरी तटस्थ असते का? 'भागीदार' हा शब्द घे. बऱ्याच अ‍ॅपवाल्यांच्या करारांत तो जागोजागी येतो. तू 'कामगार' लिहिलंस तर बाजू घेतलीस आणि 'भागीदार' लिहिलंस तर घेतली नाहीस, असं कसं? ब्रिटनमध्ये १८७५ पर्यंत काम अर्धवट टाकून गेलेल्या मजुराला तुरुंगात धाडता येत होतं आणि मजुरी बुडवणाऱ्या मालकावर फक्त दिवाणी दावा लागे. त्या कायद्यांच्या नावातच 'मालक आणि नोकर' होतं. आपण आज ज्याला 'नोकरीचा करार' म्हणतो, दोन समान पक्षांनी मोकळेपणाने केलेला, तो त्या मानाने कालचं पोर आहे. म्हणून शब्द वापर, पण पहिल्या प्रकरणात सांग की हा शब्द का घेतला. तेवढ्याने भागतं.

आता तुझी साडेतीनशे पानं.

कायद्याच्या अभ्यासकाच्या हातात खरी ताकद कुठे असते, याची एक गोष्ट मला फार आवडते. १८७७ साली अमेरिकेत होरेस वुड नावाच्या लेखकाने मालक-नोकर कायद्यावर एक जाड ग्रंथ काढला. त्यात त्याने लिहिलं, की मुदत न ठरवता दिलेली नोकरी ही मर्जीची नोकरी समजावी. दोघांपैकी कुणीही ती केव्हाही मोडावी, आणि तसं नव्हतं असं ज्याचं म्हणणं असेल त्याने ते सिद्ध करावं. इंग्लंडमधला जुना समज उलटा होता : मुदत बोलली नसेल तर नोकरी वर्षाची धरायची, म्हणजे पेरणीला ठेवलेल्या गड्याला हिवाळ्याच्या तोंडावर हाकलता येऊ नये. वुडने आपल्या वाक्याखाली तळटीप दिली, चार अमेरिकी निकालांची. १८९५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने त्याचा नियम उचलला, आणि बघता बघता तो देशभराचा नियम झाला.

पुढे कुणीतरी त्या चार निकालांची पानं उघडली. बऱ्याच अभ्यासकांचं मत पडलं, की वुड म्हणतो ते त्यातून निघतच नाही. मग आणखी काही जण आले आणि म्हणाले, वुडवर अन्याय होतोय, नीट वाचा, निघतं. शंभर वर्षांनंतरही मंडळी त्या चार निकालांवर भांडत होती. दरम्यान लाखो माणसं त्या नियमाखाली कामाला लागली आणि काढली गेली. न्यायालयांनी त्याला अपवाद पाडले, मोंटाना राज्याने १९८७ मध्ये कायदाच करून वेगळी वाट धरली, पण बाकी राज्यांत पाया अजून तोच.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा घाबरले होते, आणि लगेच स्वतःच्या पहिल्या लेखातल्या तळटीपा तपासायला बसले. सत्तावीस होत्या. त्यातल्या सहा मी मूळ न उघडता दुसऱ्याच्या लेखातून उचलल्या होत्या आणि दोन साफ चुकीच्या होत्या. छापून झालं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही, हे जास्त वाईट. आज तर यंत्राला विचारलं की ते अस्तित्वात नसलेले निकाल छान नावागावासकट रचून देतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांना असे निकाल न्यायालयात दाखल केल्याबद्दल दंड झाला. तुझ्या टिपणांत ज्या निकालाचं मूळ तू स्वतः वाचलेलं नाहीस त्यावर लाल खूण कर. साडेतीनशेतली किती पानं उरतात ते मला कळवू नकोस, स्वतःजवळच ठेव.

आणि आता तुझं ते 'असो'.

'आपल्या जागी दुसऱ्याला पाठवता येईल.' हे कलम तिथे चुकून आलेलं नाही. नोकर आणि स्वतंत्र कंत्राटदार यांत फरक करताना ब्रिटिश न्यायालयं एक गोष्ट फार पूर्वीपासून विचारत आली आहेत : हे काम याच माणसाने जातीने करायचं आहे का? जातीने करायचं नसेल, कुणीही केलं तरी चालणार असेल, तर ती नोकरी नाही. १९६८ पासून पुस्तकांत गाजत असलेला एक निकाल आहे, तयार काँक्रीट पोचवणाऱ्या चालकाचा. लॉरी त्याने हप्त्याने घेतलेली, पण रंग कंपनीचा. अंगावर कंपनीचा गणवेश. कंपनी सांगेल तिथे जायचं. तरी न्यायालय म्हणालं, हा स्वतःचा धंदा करणारा माणूस आहे, आणि कारणांमध्ये हेही होतं की गरज पडली तर तो दुसरा चालक लावू शकत होता. हा निकाल वाचलेल्या प्रत्येक वकिलाने पुढे काय केलं असेल ते सांगायला नको. करारात एक ओळ वाढली.

मग २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गाड्या धुऊन-पुसून चकाचक करणारी माणसं आली. त्यांच्या करारातही ही ओळ होती. न्यायालयाने ती बाजूला सारली आणि सांगितलं, की दोन्ही पक्षांची ताकद एवढी विषम असताना कागदावर काय लिहिलंय यापेक्षा खरा व्यवहार काय ठरला होता ते बघायचं. २०२१ मध्ये उबरच्या चालकांच्या खटल्यात तेच न्यायालय आणखी पुढे गेलं : संरक्षण देणाऱ्या कायद्याचा अर्थ लावताना सुरुवात करारापासून करायचीच नाही, कारण तो करार लिहितो कोण? ज्याच्यापासून संरक्षण द्यायचं तोच. इथवर वाचलं की वाटतं, चला, त्या ओळीचं काम संपलं.

२०२३. तेच न्यायालय. डिलिव्हरू या खाणं घरपोच करणाऱ्या अ‍ॅपचे रायडर. संघटना बांधून सामूहिक वाटाघाटी करायच्या म्हणून आलेले. आणि निकाल त्यांच्या विरुद्ध गेला, कारण दुसऱ्याला पाठवायचा त्यांचा हक्क खरा आहे, दिखाऊ नाही, असं खालच्या स्तरावर ठरलं होतं आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. फारसं कुणी तो वापरत नव्हतं, हा मुद्दा पुरेसा ठरला नाही.

हा तुझा प्रबंध आहे, बाई! जो हक्क कुणी वापरत नाही तो न्यायालयाच्या तराजूत किती वजनाचा? तो दोन हजार अकरा साली भुसा निघाला आणि दोन हजार तेवीस साली शिसं, ते कशामुळे? पुरावा वेगळा होता म्हणून, मागितलेला हक्क वेगळा होता म्हणून, की खालच्या मंडळाने वस्तुस्थितीबद्दल आधीच जे ठरवलं त्याला हात लावायचा नाही या अपिलातल्या संकेतामुळे? मला तिसऱ्या शक्यतेत बरंच पाणी दिसतं, पण तो माझा अंदाज झाला, तू तपास. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ मध्ये १९८ क्रमांकाची शिफारस केली, तिचा गाभाच हा की नातं नोकरीचं आहे का हे कागदाच्या लेबलावरून नाही, प्रत्यक्ष काम कसं होतं यावरून ठरवावं. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात एक पाऊल पुढे टाकलं : नियंत्रण आणि हुकूम चालवल्याच्या खुणा दिसल्या की नोकरी आहे असं धरून चालायचं, नाही हे कंपनीने सिद्ध करावं. सिद्ध करायचं ओझं असं पालटलं की न वापरलेल्या कलमाचं काय होतं? याचं उत्तर अजून घडायचं आहे. सदस्य देशांना मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची. घडत असलेली गोष्ट बघत लिहायचं भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

बाबांना न आवडणारं पानही इथेच आहे. काही ठिकाणी हे कलम वापरलं जातं, पण कसं? एकजण आपलं खातं दुसऱ्याला भाड्याने देतो. दुसरा बहुतेक वेळा परक्या मुलखातून आलेला, काम करायची कागदपत्रं नसलेला. मेहनत त्याची, खातं याचं, मधला हिस्सा यालाच. कामगारानेच कामगाराला राबवलेलं. हे पान तू टाळलंस तर तुझा परीक्षक तेच पहिलं विचारेल, आणि विचारायलाच हवं.

दोन सावधगिऱ्या, कारण तुझ्या उत्साहाची मला पत्रातूनही कल्पना आली.

एक म्हणजे परदेशी निकाल आणून लावताना जपून. कान-फ्रॉइंडनेच १९७४ मध्ये छापलेल्या एका लेखात बजावलंय, की काही कायदे दुसऱ्या देशात सहज रुजतात, पण कामगार-मालक संबंधांचे कायदे त्या त्या ठिकाणच्या सत्तेच्या मुळांत इतके गुंतलेले असतात की उपटले की सुकतात. त्याच्या डोळ्यांसमोर ताजं उदाहरण होतं. ब्रिटनने १९७१ मध्ये अमेरिकेकडून बरंच काही उचलून औद्योगिक संबंधांचा कायदा केला. त्यात एक गृहीत असं, की लेखी सामूहिक करार तसं स्पष्ट नाकारलं नसेल तर न्यायालयात बजावता येईल. यावर संघटना आणि मालक, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, दोघांनी मिळून काय केलं? प्रत्येक कराराखाली एक ओळ टाकली : 'हा करार कायद्याने बजावण्याजोगा नाही.' १९७४ मध्ये तो कायदाच गेला. बघ, पुन्हा एका ओळीची गोष्ट. तेव्हा तुलना करायची तर आधी विचार, की त्या देशात सामूहिक करार कोण करतं, कामगार तपासनीस किती आहेत, दावा लावायला खर्च कुणाच्या खिशातून जातो. नुसते निकाल शेजारी शेजारी मांडले तर ते वेगवेगळ्या घड्याळांचे काटे एका तबकडीवर लावल्यासारखं होईल.

दुसरी सावधगिरी पुराव्याची. न्यायालयापर्यंत पोचलेले खटले म्हणजे चाळणीतून वर राहिलेले खडे. बहुतेक भांडणं तडजोडीत विरतात, आणि त्याआधी कितीतरी माणसं भांडतच नाहीत. नोकरी शाबूत ठेवून दावा लावायची हिंमत किती जणांत असते? त्यामुळे 'शंभर निकालांपैकी साठ कामगारांच्या बाजूने' असा हिशेब मांडून 'न्यायालयं कामगारांच्या बाजूची आहेत' असं लिहू नकोस. जॉर्ज प्रीस्ट आणि बेंजामिन क्लाइन या दोघांनी १९८४ मध्येच दाखवलंय, की जिथे निकाल उघड दिसतो ते खटले आधीच मिटतात आणि अटीतटीचे तेवढे शेवटपर्यंत लढले जातात. टक्केवारीवरून कायद्याचा कल कळत नाही, फार तर भांडणाऱ्यांचा अंदाज कुठे चुकला ते कळतं. म्हणून तू केलेल्या मुलाखती सोन्यासारख्या आहेत. पण त्या तू परवानगीशिवाय, सहज गप्पा मारल्यासारख्या केल्या असाव्यात असा मला दाट संशय आहे. तशा असतील तर प्रबंधात त्यांचा एक शब्दही घालू नकोस. संशोधन-नीती समितीची मान्यता घे, प्रत्येकाची संमती घे, नावं आणि ओळखू येतील अशा खुणा काढून टाक. तुझ्या एका तळटीपेमुळे कुणाचं खातं बंद झालं तर तुझ्या निष्कर्षाला काय चाटायचंय?

तुझ्या बरोबरच्यांच्या मते हा विषयच मेलाय, त्याबद्दल लिहायचं राहिलंच. त्यावर मी फार वेळ घालवणार नाही. कामगार कायद्याचा मृत्युलेख लिहिणं हा कामगार कायद्याच्या अभ्यासकांचाच जुना छंद आहे. परिषदा भरतात, 'संकट' हा शब्द शीर्षकात असतो, जेवणं होतात, सगळे घरी जातात. कायमची नोकरी आटतेय हे खरंच आहे. पण दुसऱ्याच्या हुकमाखाली राबून पोट भरणारी माणसं आटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. त्यांना कुठल्या कप्प्यात घालायचं हे कळेनासं झालंय. सिन्झहायमरपुढचा कागदही कुठल्या कप्प्यात बसत नव्हता. पोटापाण्याचं म्हणशील तर कंपनी कायद्यात पैसा जास्त आहे, यात वाद नाही, आणि तो हवा असेल तर तिकडे जाण्यात लाज काही नाही. 'विषय मेला' असं कारण मात्र देऊ नकोस. 'मला चांगला पगार हवा' हे कारण जास्त प्रतिष्ठित आहे. (तुझ्या बरोबरचे जे स्पर्धा कायद्यात गेलेत त्यांच्याशी संपर्क ठेव. स्वतंत्र धंदेवाईक ठरवलेल्या माणसांनी एकत्र येऊन दर ठरवले की तो सामूहिक सौदा की दरांचं संगनमत, हा प्रश्न त्यांच्या दारात येऊन पडलाय, आणि त्यांना तुझी गरज लागेल.)

एक बारीकसं. आठवड्यात छापतो, एवढे पैसे भरा, असं सांगणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नकोस. मोह होईल. आठ महिने कोरे गेलेल्या माणसाला फार होतो.

येत्या आठवड्यात टिपणांची फाइल उघडू नकोस. कोऱ्या कागदावर दोन पानं लिही : ते कलम जसंच्या तसं, मग ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचे ते तीन निकाल, आणि त्यांच्यात तुला काय जुळत नाही ते. निष्कर्ष नको. सरांना ती दोन पानं दे आणि नव्या शीर्षकाची परवानगी माग. भले आहेत असं तूच लिहिलंयस. प्रश्न घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला भला मार्गदर्शक तटस्थपणाचं व्याख्यान देत नाही, त्याला कामच मिळतं.

बाबांशी बोलायची सोय नाही म्हणतेस. मग लढाईबद्दल बोलूच नकोस. इतकी वर्षं समझोत्यांच्या टेबलावर बसलेला माणूस आहे, कपाटात जुन्या करारांच्या फायली असतीलच. एक काढायला सांग, आणि विचार, 'बाबा, यातलं असं कुठलं कलम आहे, की जे कागदावर होतं आणि कधीच कुणी वापरलं नाही? आणि मग ते ठेवलं कशाला होतं?' विचारून गप्प बस. माझा अंदाज आहे, की रात्रीचं जेवण लांबेल.

त्यांनी सांगितलेलं काही प्रबंधात घ्यावंसं वाटलं, तर त्यांचीही लेखी संमती घे. आणि नाव काढून टाक.

– तुझी ताई